समोरासमोर बसण्याच्या जागाच बंद होत गेल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजकारणातली भाषा टोकाची झाली, दोन्ही बाजूंशी बोलू शकणारा माणूस उरला नाही, अशी खंत आपल्या पानांवर हल्ली वारंवार वाचायला मिळते. कारणे म्हणून दोनच गोष्टी पुढे येतात : मोबाइल आणि नेत्यांची घसरलेली पातळी. दोन्ही खरी आहेत, पण वरवरची आहेत. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टापासून महापालिकेच्या प्रभागापर्यंत एक यंत्रणा आहे. तिच्यातले एकेक चाक कधी बदलले, कुणाच्या काळात बदलले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे तारीखवार सांगता येते. ते एकत्र मांडलेले क्वचितच दिसते, म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण या विषयात तपशील गाळला तर हाती फक्त हळहळ उरते.

आधी एक गैरसमज दूर व्हावा. अमेरिकेतल्या ध्रुवीकरणाची कारणे वाचून ती जशीच्या तशी आपल्याला लावली जातात. तिथे अनेक राज्यांत मतदारसंघांच्या सीमा विधिमंडळातला बहुमतवाला पक्ष आखतो आणि उमेदवार पक्षांतर्गत निवडणुकीतून ठरतो. त्या निवडणुकीला कडवे समर्थक जास्त येतात, त्यामुळे मवाळ उमेदवार तिथेच गळतो. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या सीमा परिसीमन आयोग आखतो आणि उमेदवारी ठरते एबी फॉर्मवर. ‘ए’ नमुन्यात पक्षातर्फे सही कोण करणार हे कळवलेले असते, ‘बी’ नमुन्यात उमेदवाराचे नाव. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचले नाहीत, तर तो उमेदवार पक्षाचा राहत नाही. बंडखोरी टाळायची म्हणून फॉर्म आदल्या रात्री, कधीकधी अगदी शेवटच्या तासात हातात पडतो. पाच वर्षे मतदारसंघात सगळ्यांशी जुळवून घेतलेला आमदारही त्या रात्री एका सहीसाठी ताटकळतो. आपल्याच पक्षाच्या एखाद्या निर्णयावर त्याने जाहीर शंका घेतली असेल, तर ती त्या रात्री आठवते. तालुक्यातल्या सभासदांचे मत घेऊन उमेदवार ठरवण्याची पद्धत आपल्या मोठ्या पक्षांत रुजलीच नाही. त्यामुळे आपला मवाळ उमेदवार कडव्या मतदारांकडून नव्हे, तर पक्षाच्या कार्यालयातच बाद होतो.

निवडून आल्यावर त्याच्यावर दुसरा दोर पडतो, आणि हा दोर सर्वांत घट्ट आहे. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती होऊन पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले. ‘आयाराम-गयाराम’ला देश कंटाळला होता आणि हेतू चांगलाच होता. पण त्यातला परिच्छेद २ नीट वाचावा. पक्ष सोडणारा अपात्र ठरतोच; शिवाय पक्षादेशाविरुद्ध मतदान करणारा किंवा मतदानापासून नुसता अलिप्त राहणारा सदस्यही अपात्र ठरतो, पक्षाने पंधरा दिवसांत त्याला माफ केले नाही तर. सरकार वाचवायचे असो की एखाद्या महामंडळाच्या कायद्यात दुरुस्ती करायची असो, मजकुरात फरक केलेला नाही. प्रतोदाचा तीन ओळींचा व्हिप, म्हणजे पक्षाचा सक्त मतदान-आदेश, निघाला की विषय संपला. मग विरोधी सदस्याने कितीही मुद्देसूद भाषण केले तरी समोरच्या बाकावरचे एक मतही हलणार नसते, हे दोघांनाही माहीत असते. मत वळवणे शक्यच नसेल तर भाषण सभागृहासाठी कशाला करायचे? ते आपोआप कॅमेऱ्यासाठी, आपल्या मतदारांसाठी होते, आणि तिथे टाळ्या मिळतात त्या तिखट वाक्याला. सभागृहातली भाषा बिघडण्याचे एक मूळ इथे आहे.

हे धोके त्या वेळीही लोकांना दिसत होते. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवले की मतदानावरून अपात्रता फक्त विश्वासदर्शक आणि अविश्वास ठरावापुरती ठेवावी. १९९२ मध्ये किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी कायदा टिकवला, पण व्हिपची सक्ती सरकारच्या अस्तित्वाच्या आणि पक्षाच्या मुख्य धोरणाच्या प्रश्नापुरतीच असावी असे म्हटले. प्रत्यक्षात तसे घडले नाही. काँग्रेस, जनता दल, भाजप, सगळ्यांची सरकारे येऊन गेली. आपल्या सदस्यांवरचा हा लगाम सैल करणे कुणाच्याच सोयीचे नव्हते. तुलनेसाठी ब्रिटन घ्या : मार्च २००३ मध्ये इराक युद्धाच्या प्रश्नावर मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी स्वतःच्याच पंतप्रधानांच्या भूमिकेविरुद्ध मत दिले. त्या मतामुळे एकाचीही खासदारकी गेली नाही.

बरे, एवढी किंमत मोजून पक्षांतर तरी थांबले का? मूळ कायद्यात एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मुभा होती. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती काढली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट तेवढी ठेवली. महाराष्ट्रात २०१९ च्या निवडणुकीत शिवसेनेचे ५६ आणि राष्ट्रवादीचे ५४ आमदार आले होते. २०२२ आणि २०२३ मध्ये हे दोन्ही पक्ष फुटले, पण विलीनीकरणाचा दावा कुणी केलाच नाही. मूळ पक्ष आम्हीच, असा दावा केला. प्रकरण निवडणूक आयोग, सर्वोच्च न्यायालय आणि विधानसभा अध्यक्ष असे फिरले. अध्यक्षांनी १० जानेवारी आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निकाल दिले. दोन्ही निकालांत कुठल्याच गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. म्हणजे एकट्याने प्रामाणिकपणे वेगळे मत दिले तर सदस्यत्व धोक्यात, आणि चाळीस जणांनी मिळून बाजू बदलली तर काहीच नाही. घाऊक पक्षांतराला वाट आणि किरकोळ मतभेदाला शिक्षा, ही टीका अगदी सुरुवातीपासून होत आली आहे. मधल्या माणसाचे बळ किरकोळ मतभेदातच असते, तेच या कायद्याने काढून घेतले.

आता मतदान केंद्रावर जाऊ. साधारण बाराशे मतदारांचे एक केंद्र धरा. ६५ टक्के मतदान झाले तर ७८० मते पडतात. चौरंगी लढत असेल तर ३५ टक्के, म्हणजे २७० च्या आसपास मते मिळवणारा बहुधा जिंकतो. कार्यकर्ता मतदार यादी घेऊन बसतो आणि प्रत्येक नावापुढे खूण करतो : पक्का आपला, पक्का विरोधातला, कुंपणावरचा. पक्के आपले तीनशे असतील, तर कुंपणावरच्या दीडशे जणांकडे पाच-पाच खेपा घालण्यापेक्षा त्या तीनशेंना घराबाहेर काढणे स्वस्त आणि खात्रीचे पडते. मतदार यादीच्या एकेका पानाची जबाबदारी घेणाऱ्या पन्नाप्रमुखाची रचना नेमकी याच कामासाठी आहे. आपला माणूस रांगेत उभा राहण्याइतका तापलेला हवा आणि तो तापतो भीतीने किंवा रागाने. कालव्याच्या आवर्तनावरच्या सविस्तर भाषणाने तापत नाही. ‘सर्वात जास्त मते तो विजयी’ या पद्धतीचा हा सरळ हिशेब आहे. २०१४ च्या विधानसभेला चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले, तेव्हा भाजपला २७.८ टक्के मतांवर २८८ पैकी १२२ जागा मिळाल्या. याच पद्धतीचा फायदा पूर्वी अनेक दशके काँग्रेसने घेतला आहे.

कुणी म्हणेल, चौरंगी लढतीऐवजी थेट दुरंगी लढत झाली की कुंपणावरच्या मताला भाव येईल आणि मध्यममार्ग परत येईल. कागदावर हे बरोबर आहे. पण थेट लढतीत तिसऱ्याची गत काय होते ते पाहा. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महायुती आणि महाविकास आघाडी यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र १७ आणि ३०. मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. असा निकाल लागल्यावर तिसऱ्या उमेदवाराला कुणी ‘तुमचे म्हणणे काय’ असे विचारत नाही. ‘तुम्ही कुणाला पाडायला उभे राहिलात’ असे विचारतात. शेतकरी कामगार पक्ष, प्रजासमाजवादी, जनता दल, कम्युनिस्ट यांची एकेकाळची विधानसभेतली ताकद अशीच दोन छावण्यांत विरघळत गेली. हे पक्ष विचाराने मध्यममार्गी नव्हते, डावे होते. पण कुठल्याच मोठ्या छावणीला बांधलेले नसल्यामुळे त्यांचे दहा-पंधरा आमदार प्रश्नानुसार बाजू घेऊ शकत. २०२४ मध्ये शेकापची एकच जागा आली, सांगोल्याची.

त्या जुन्या रचनेतून काय निघत असे याचे आपल्या राज्यातले उदाहरण म्हणजे रोजगार हमी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात ती कल्पना करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात कामांचा प्रचंड अनुभव गाठीशी आला. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. आजही पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला अडीच हजार कापले जातात, ते मूळ याच कामासाठी होते. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, ही गोष्ट कुठल्याही काळात भांडण लावायला पुरेशी आहे. तरी १९७७ चा कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने झाला. तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. जुलै १९७८ मध्ये त्यांचे सरकार पडले, शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आले, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तोच कायदा त्या सरकारने अमलात आणला. ज्यांनी सरकार पाडले त्यांनी आधीच्यांचा कायदा मोडीत काढला नाही. शिवाय विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती सर्वपक्षीय. एका पक्षाचा आमदार दुसऱ्या पक्षाच्या आमदाराबरोबर जिल्ह्यात जाऊन कामे पाहणार आणि हजेरीपट तपासणार. हजेरीपटावरची खोटी नावे दोघांनाही सारखीच दिसतात.

पण एकमत झाले म्हणजे मध्यममार्ग सापडला, असे समजू नये. इथे गल्लत होते. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण देणारे विधेयक विधिमंडळात एकमताने आणि चर्चेविना मंजूर झाले. उच्च न्यायालयाने ते प्रमाण शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ टक्क्यांवर आणले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदाच रद्द केला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात १० टक्क्यांचा नवा कायदा झाला, तोही एकमताने. सभागृहात दोनदा एकमत, आणि त्याच काळात मराठवाड्यातल्या गावांत मराठा-ओबीसी दरी रुंदावत गेली. रोजगार हमीच्या एकमतामागे बारा वर्षांची खटपट होती. इथे एकमत झाले कारण विरोधात बोलण्याची कुणाची हिंमत नव्हती. कठीण प्रश्न सभागृहात विचारलेच गेले नाहीत : पन्नास टक्क्यांची मर्यादा कशी ओलांडणार, कुणबी नोंदी कुठल्या ग्राह्य, ओबीसींच्या जागांवर परिणाम किती. सभागृहाने टाळलेले हे प्रश्न मग गावच्या पारावर विचारले गेले, आणि तिथे ना सभापती ना नियमावली.

पुढेही तेच झाले. जुलै २०२४ मध्ये सरकारने सर्वपक्षीय बैठक बोलावली, विरोधकांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरचा, म्हणजे निजामकाळातल्या नोंदींच्या आधारे मराठवाड्यातल्या मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा, शासन निर्णय निघाला. मराठा आरक्षणासाठी मंत्रिमंडळाची उपसमिती होतीच, त्या निर्णयानंतर ओबीसींसाठी वेगळी उपसमिती नेमली गेली. एका समाजाने एका दारातून आत यायचे, दुसऱ्याने दुसऱ्या दारातून. प्रत्येकाला आत वेगळे आश्वासन मिळते आणि दोघांची गाठ रस्त्यावर पडते. सरकार पक्ष असो वा विरोधी, दोघांनीही या दोन समाजांच्या जाणत्या प्रतिनिधींना एका टेबलाशी, एकच आकडेवारी समोर ठेवून बसवण्याचे काम टाळले. ज्या गावांत पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या लग्नात पंगती उठल्या, तिथे दुकानावर जाताना जात पाहिली जाऊ लागली. याची जबाबदारी विधिमंडळावर आहे, हे स्पष्ट लिहायला हवे.

टेबल असले की काय होते, याचा पुरावा आजच्या काळातही आहे. जीएसटी परिषदेची रचना घ्या. अनुच्छेद २७९क प्रमाणे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश हवेत. केंद्राला डावलून राज्यांना काही करता येत नाही. आणि सगळे हजर असतील तर साधारण वीस राज्यांना सोबत घेतल्याशिवाय केंद्रालाही पुढे जाता येत नाही. केरळचा डावा अर्थमंत्री आणि गुजरातचा भाजपचा अर्थमंत्री यांना बिस्किटापासून सिमेंटपर्यंतच्या दरावर तासन् तास बसावेच लागले. परिषद २०१६ मध्ये स्थापन झाली आणि तिच्यातले पहिले मतदान झाले डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीवरच्या करासाठी. तोवरचे सारे निर्णय चर्चेतून झाले. माणसे तीच, पक्ष तेच, देशातले वातावरणही तेच. बदलली होती ती फक्त बसण्याची रचना.

संसदेत उलट झाले. खात्यांशी निगडित स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या, आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य. बैठक बंद दाराआड, कॅमेरा नाही, व्हिप चालवायचा नाही हा संकेत. अधिकाऱ्यांना बोलावता येते, तज्ज्ञांची साक्ष घेता येते, पटले नाही तर अहवालाला भिन्नमत जोडता येते. दुसऱ्या पक्षाचा माणूस अभ्यासू आहे हे सदस्यांना कळते ते इथे. पंधराव्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली. सोळाव्या लोकसभेत (२०१४-१९) साधारण चौथा हिस्सा. सतराव्या लोकसभेत (२०१९-२४) १६ टक्के. सतराव्या लोकसभेच्या बैठका पाच वर्षांत २७४ झाल्या, मुदत पूर्ण केलेल्या कुठल्याही लोकसभेपेक्षा कमी. लोकसभेचे उपाध्यक्षपद विरोधी पक्षाला देण्याचा संकेत होता. त्या पाच वर्षांत ते पदच भरले गेले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित झाले आणि त्याच अधिवेशनात तीन नवे फौजदारी कायदे मंजूर झाले. विरोधकांचे मापही पदरात घालायला हवे : २०१० चे हिवाळी अधिवेशन दूरसंचार परवान्यांच्या टू-जी प्रकरणी संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून जवळजवळ संपूर्ण वाया गेले, आणि गोंधळ घालणे हे विरोधाचे मुख्य हत्यार म्हणून तेव्हा रुजले. तेव्हाचे विरोधक आजचे सत्ताधारी आहेत.

कृषी कायद्यांची हकिगत या संदर्भात जपून ठेवावी अशी. जून २०२० मध्ये अध्यादेश, सप्टेंबरमध्ये विधेयके, समितीकडे न पाठवता, राज्यसभेत गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर. मग वर्षभर दिल्लीच्या सीमांवर शेतकरी बसले. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे रद्द करणारे विधेयकही दोन्ही सभागृहांत काही मिनिटांत, चर्चेविना झाले. बाजार समितीबाहेरच्या व्यापारात शेतकऱ्याच्या पैशाची हमी कोण देणार, वाद झाल्यास प्रांताधिकाऱ्याकडे जायचे की दिवाणी न्यायालयात, हे कांदा आणि कापूस विकणाऱ्या महाराष्ट्रासाठी अगदी रोजचे प्रश्न आहेत. समितीत तीन महिने बसून त्यावर तोडगा निघण्यासारखा होता. तसे झाले नाही. ‘शेतकरीद्रोही’ आणि ‘दलाल’ हे दोन शब्द मात्र उरले.

आपल्या विधिमंडळाचे चित्र वेगळे नाही. २०२४ चे नागपूर अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवसांचे. राज्यपालनियुक्त बारा जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणत्यांसाठी आहेत. त्या जून २०२० पासून चार वर्षांहून अधिक काळ रिकाम्या राहिल्या, दोन वेगवेगळ्या आघाड्यांच्या सरकारांच्या काळात. २०२४ च्या निकालानंतर विधानसभेत कुठल्याच विरोधी पक्षाकडे २९ सदस्य नाहीत म्हणून विरोधी पक्षनेतेपद अडले. दहा टक्क्यांची ही अट विरोधी पक्षनेत्याच्या कायद्यात नाही, प्रथेतून आली आहे. दिल्लीत २०१५ मध्ये ७० पैकी ६७ जागा आम आदमी पक्षाला आणि भाजपला अवघ्या तीन मिळाल्या होत्या, तरी तिथल्या अध्यक्षांनी भाजपच्या नेत्याला विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता दिली. हे पद म्हणजे गाडी-बंगला नव्हे. सरकारशी अधिकृतपणे बोलणारा एक माणूस सभागृहात असावा, यासाठी ते आहे.

मात्र या साऱ्यात सर्वांत दुर्लक्षित राहिली ती महापालिका. पुण्यासारख्या महापालिकेत स्थायी समिती १६ सदस्यांची असते, पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर जागा मिळतात आणि दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात. त्यामुळे पाच वर्षांत विरोधी नगरसेवकही त्या टेबलाशी येऊन बसतात. सांडपाण्याची वाहिनी दोन प्रभागांतून जाते. एका पक्षाच्या नगरसेवकाला आपल्या भागातले पाणी काढायचे तर खालच्या प्रभागातल्या विरोधकाची संमती लागते. राजकारणात येणारा तरुण तडजोड शिकतो ती इथे, आणि पुढे आमदार झाल्यावर ती सवय सोबत नेतो. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे, नागपूरसह मोठ्या महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन पेच हे एक कारण. दुसरे कारण सरकारांनी स्वतः ओढवून घेतले. महाविकास आघाडीने मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ केले, नंतरच्या सरकारने पुन्हा २२७ केले. इतर महापालिकांत तीन सदस्यांचा प्रभाग ठरला, तो पुन्हा चारचा झाला. प्रत्येक बदल न्यायालयात गेला. मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षे आयुक्त हेच सर्वसाधारण सभा आणि तेच स्थायी समिती. या काळात वस्तीतल्या कार्यकर्त्याला प्रभागातले काम दाखवून नाव कमावता आले नाही; फलक, मिरवणुका, जयंत्या आणि मोर्चे एवढेच हातात राहिले. चार वर्षे हेच केलेला कार्यकर्ता सभागृहात आल्यावर तडजोडीची भाषा कुठून आणणार?

चार सदस्यांच्या प्रभागाचाही यात वाटा आहे. अ, ब, क, ड अशी चार मते द्यायची, प्रभाग चौपट मोठा. एकट्याने घरोघर फिरून निवडून येणारा, कुठल्याही पक्षाचा नसलेला डॉक्टर किंवा वकील इथे टिकत नाही. चौघांचे पॅनेल, एक चिन्ह, एक खर्च असे गणित चालते. ग्रामपंचायतीची निवडणूक अजून पक्षचिन्हाविना होते, म्हणून तिथे भावकीची भांडणे असली तरी पक्षांची भिंत तितकी पक्की नाही. शहरांत एक सदस्याचा प्रभाग आणि दहा वर्षे न बदलणारी प्रभागरचना, एवढे जरी कायद्याने ठरले तरी बराच फरक पडेल.

जुन्या मध्यममार्गाचे गोडवे गाण्याचा हेतू मात्र नाही. तो आतूनही किडला होता. जिल्हा बँका, साखर कारखाने, दूध संघ यांच्या संचालक मंडळांत सर्व पक्षांची माणसे एकत्र नांदत. विधानसभेला एकमेकांविरुद्ध भाषणे आणि बँकेत एकत्र कर्जमंजुरी. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त केले, त्या मंडळात जवळजवळ सगळ्या प्रमुख पक्षांचे नेते होते. ‘हे सगळे आतून एकच’ हे वाक्य सामान्य माणसाच्या तोंडी आले ते अशा अनुभवांतून. मग जो नेता ‘मी यांच्यातला नाही, यांना सोडणार नाही’ म्हणाला, त्याची कठोर भाषा लोकांना प्रामाणिक वाटली. समझोता आणि संगनमत यांत फरक असतो, पण तो उघड हिशेबानेच दिसतो. आणि तो हिशेब लोकांसमोर आला नाही. मधली भूमिका घेणाऱ्यांचे हे फार मोठे चुकले.

मोबाइलबद्दल थोडक्यातच लिहितो. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादेने वेग कमी होतो, हे खरे. पण अफवा ज्या भीतीवर पोसली जाते ती भीती गावात आधीपासून साठलेली असते, आणि तिला उत्तर देणारा सर्वांचा विश्वासू माणूस गावात असावा लागतो. ग्रामसभा नियमाने भरत असेल तर तो माणूस कोण, हे लोकांना ठाऊक असते.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक विनंती. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा यांचे वृत्तांत पूर्वी पानभर येत. आता अधिवेशनाच्या दिवशी विधान भवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणांचे छायाचित्र येते. आमदारांना हे कळते. जिथे कॅमेरा तिथे ते उभे राहतात. प्रत्येक अधिवेशनात आठवड्यातून एकदा सहा रकान्यांचा एक छोटा तक्ता छापावा : विधेयकाचे नाव, मांडल्याची तारीख, मंजुरीची तारीख, चर्चेला मिळालेली मिनिटे, समितीकडे गेले का, आणि विरोधकांच्या किती दुरुस्त्या आल्या व त्यांतल्या किती स्वीकारल्या. कामकाजपत्रिका आणि कार्यवाहीचे अहवाल पाहून एका बातमीदाराचे हे दोन तासांचे काम आहे. दुसऱ्याची दुरुस्ती स्वीकारणाऱ्या मंत्र्याचे आणि ती सुचवणाऱ्या विरोधी आमदाराचे नाव त्याच तक्त्याखाली एका ओळीत द्यावे. नव्याने निवडून आलेल्या महापालिकांच्या स्थायी समित्यांसाठी आपल्या शहर आवृत्त्यांनी हेच करावे : विषय किती, चर्चा किती, तहकूब किती, एकमताने किती आणि मतदानाने किती. येत्या अधिवेशनापासून सुरुवात झाली तर निदान आमच्यासारखे वाचक ते कापून ठेवतील, आणि पुढच्या निवडणुकीत दारात आलेल्या उमेदवारासमोर धरतील.

आपला,
विधिमंडळाच्या कामकाजाचा एक अभ्यासक, पुणे